विहिरीचा दुसरा नमुना

अक्का, तू गेल्यावर परवा मेहकरला तुझा जलदान विधी झाला. तू शेजारी असतीस तर मला कोपरानं ढोसलं असतंस. भन्तेजींच्या समोर ठेवलेलं पाणी कुठल्या विहिरीचं, झाकून आणलं होतं का, घागर कधी घासली होती, हेच सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. तुझ्या सुजातानं तांब्यातून ताटलीत हळूहळू पाणी सोडलं. ताटली भरली, काठावरून पाणी सांडलं, आणि तुझी पोर रडली. मीही रडले. पण रडतानाही डोळे पाण्याच्या रंगाकडेच होते. इतकी वर्षं तुझ्या हाताखाली काढल्यावर माझं दुसरं काय होणार होतं?

जेवणं झाल्यावर सुजातानं मला आतल्या खोलीत बोलावलं आणि ब्राउन पेपरचं कव्हर घातलेली एक वही हातात दिली. "आई म्हणाली होती, ही कुसुममावशीलाच द्यायची, दुसऱ्या कोणाला न्हाई." मी ती बसमध्ये उघडली नाही. गुलबर्ग्याला येईपर्यंत मांडीवर धरून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली सगळी आपापल्या कामाला गेली, तेव्हा दार ओढून घेतलं आणि वाचली.

वहीत काय होतं ते सांगते. पण आधी मला माझं सांगू दे. गाणगापूरच्या आमच्या घरच्या विहिरीचा दुसरा नमुना मी तुझ्या हातात आणून दिला होता. त्या नमुन्याबद्दल एक गोष्ट मी सतरा वर्षं तुझ्यापासून लपवली. दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसून तीन दुपारी मी ती सांगायला तोंड उघडलं, आणि तिन्ही वेळा विचारलं काय, तर मोसंबी सोलू का. तू म्हणायचीस, "सोल." मग माझ्याकडे बघत थोड्या वेळानं, "आजून काय?" मी म्हणायचे, काही नाही.

"आजून काय?" हे तुझं रोजचंच होतं. संध्याकाळी आपल्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेला कुलूप लावताना तू हे विचारायचीस. कुठली नळी धुवायची राहिली, कुठलं लेबल लिहायचं राहिलं, ते मी आठवून सांगायचं. म्हणून दवाखान्यातही ते मला सवयीचं वाटलं.

मी नोकरीला लागले तेव्हा आपल्या राज्याचं नाव अजून म्हैसूरच होतं. दोन खोल्यांची प्रयोगशाळा, एक इन्क्युबेटर, तोही वीज असली तर चालणारा. साहेब कन्नड बोलायचे, शिपाई दख्खनी, आणि तू ज्याच्या त्याच्याशी ज्याच्या त्याच्या भाषेत भांडायचीस. मी बी.एस्सी. होऊन आलेली, गाणगापूरच्या पुजाऱ्याची मुलगी, वेणी घट्ट आणि मान ताठ. तू मॅट्रिकनंतर ट्रेनिंग घेतलेली टेक्निशियन, पण माझी वरिष्ठ. पहिल्याच दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणालीस, "गाणगापूरची का? मग पाणी दिसलं की हात जोडायची सवय आसंल. हितं आधी हात धुवायचे." मला भयंकर राग आला. तीन वर्षं मी तुला मुद्दाम 'तुम्ही' म्हणत होते. आदर कमी आणि अंतर जास्त, हे तुला समजत होतं.

बाटली धरायला तूच शिकवलंस. काचेची बाटली भट्टीत तापवून जंतू मारलेली, बुचावर कागद बांधलेला. गळ्याला दोरी, बुडाला दगड. विहिरीच्या कडेला लागू न देता सरळ खाली सोडायची, वर काढली की लगेच बूच लावायचं, बोट आत जाता कामा नये. मग भुसा घातलेल्या डब्यात बर्फावर ठेवून त्याच दिवशी गुलबर्गा गाठायचं. तिथं ते पाणी पाच नळ्यांतल्या औषधात घालायचं. प्रत्येक नळीत एक छोटी नळी उलटी ठेवलेली. पाण्यात माणसाच्या आतड्यातले जंतू असतील तर ते औषध खातात, वायू सोडतात, आणि उलट्या नळीच्या टोकाला बुडबुडा साठतो. बुडबुडा आला की पाणी वाईट. एवढ्याशा बुडबुड्यासाठी तू आणि मी सकाळी कुलूप काढल्या काढल्या इन्क्युबेटरकडे धावायचो.

मी तुला 'तू' म्हणायला लागले ते मुडबीच्या तुळशीमुळे. मुडबीच्या एका घरून मी एकटीनं नमुना आणला होता. तू डब्याचं झाकण काढलंस, बाटली उजेडात धरलीस, आणि आत तुळशीचं हिरवंगार पान तरंगत होतं. त्या घरच्या म्हातारीनं टाकलं होतं, पाणी एवढ्या लांब तपासायला जायलंय तर तसंच कसं पाठवायचं म्हणून. आणि मी, बी.एस्सी. झालेली, तिला अडवायचं सोडून बूच उघडं धरून उभी होते, कारण आमच्याकडे तुळस टाकू नका असं कोणी कोणाला म्हणत नाही. मला वाटलं आता तू मला सोलणार. तर तू खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. "तुला नमुना आणायला धाडलं, तू तीर्थ घिऊन आलीस." मीही हसले, आणि हसता हसता तोंडातून गेलं, "तू पण ना अक्का." परत वळवायचं मला सुचलं नाही, तूही वळवू दिलं नाहीस.

तुझ्या क्वार्टरमागचा ढीग हा आपल्या भांडणाचा कायमचा विषय. आजूबाजूच्या चार घरांचं खरकटं, भाजीचे देठ, खानावळीच्या पत्रावळी, सगळं तू गोळा करून आणायचीस. एक थर खरकट्याचा, एक पाचोळ्याचा, एक शेणाचा, वर माती. शेजारी नाकाला पदर लावायचे. मीही लावायचे. मी म्हणायचे, दिवसभर जंतू शोधून मारायचे आणि संध्याकाळी घरी त्यांचीच पंगत मांडायची, हे काय आहे? तू माझं मनगट धरून माझा हात ढिगात घातलास. आत इतकं गरम होतं की मी हात झटकन बाहेर काढला. तू सांगितलंस की अन्न पाण्यात पडलं की नासतं आणि माणसाला मारतं, तेच अन्न मातीत वारा लागेल असं ठेवलं की कुजतं आणि झाडाला पोसतं. जंतूंशी तुझं वैर नव्हतं, त्यांना चुकीच्या जागी ठेवणाऱ्या माणसांशी होतं. मी हे शेवटपर्यंत कबूल केलं नाही. हट्टानं केलं नाही. तुझ्या ढिगाचं खत घातलेले गुलाब माझ्या दारात आहेत आणि लोक थांबून बघतात, तरीही.

मेहकरचं तू फारसं बोलायची नाहीस. एकदाच बसमध्ये बोललीस, खिडकीबाहेर बघत, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगत आहेस. तुमच्या लहानपणी गावच्या विहिरीवर तुम्हाला चढता येत नव्हतं. खाली घागर घेऊन उभं राहायचं, कोणा बाईच्या मनात आलं तर ती वरून ओतायची. घागरीला तिचा पोहरा लागू नये म्हणून लांबून ओतायची, आणि अर्धं पाणी मातीत जायचं. पुढं तुमच्या घरानं धर्म बदलला, वडलांनी तुला बोर्डिंगात घातलं, आणि तू अशी नोकरी धरलीस की जिल्ह्यातल्या प्रत्येक विहिरीवर जायचा तुला सरकारी अधिकार मिळाला. हे शेवटचं तू हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही.

हे सगळं माहीत असूनही मी पुढं जे केलं ते केलं.

त्या वर्षी दत्तजयंतीच्या गर्दीनंतर गाणगापूरला उतरलेल्या यात्रेकरूंत जुलाब-उलट्यांची साथ आली. आमच्या गल्लीतल्या विहिरींचे नमुने घ्यायला आपल्याला पाठवलं. आमचं घर म्हणजे घरही आणि यात्रेकरूंना उतरायची जागाही. पुढं खोल्या, मागं विहीर, विहिरीपलीकडं खरकट्याचा खड्डा. ऐंशी-शंभर पानांचं उष्टं दिवसाला त्या खड्ड्यात जायचं. वडील रोज पहाटे सोवळं नेसून त्याच विहिरीचं पाणी देवाला भरायचे. आमचं सगळं त्या विहिरीवर होतं.

तू बाटली घेऊन विहिरीकडे निघालीस तेव्हा वडील मध्ये आले. आवाज चढवला नाही. वडील कधीच आवाज चढवत नसत. हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला त्रास घेता? कुसुम आहे की. ती काढील." तू त्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. तू बाटली माझ्या हातात दिलीस आणि अंगणात उभी राहिलीस. मी नमुना काढला. तू वहीत लिहिलंस आणि कागदावर माझी सही घेतलीस.

मग आईनं तुझ्यासाठी पाणी आणलं. तो पेला कुठल्या फळीवरून आला हे मला माहीत होतं, आणि तुलाही कळलं असणार. तू घेतला नाहीस. बसमध्ये मी भीत भीत विचारलं, राग आला का. तू म्हणालीस, "राग न्हाई गं. मी तपासल्याबिगर पाणी पीत न्हाई." तुझा अपमान झाला आणि तू तो चेष्टेवर नेलास, असं मी धरून चालले. त्यानंतर तुला गाणगापूरला ये म्हणायची माझी हिंमत झाली नाही. तू माझ्या गुलबर्ग्याच्या घरी हक्कानं आलीस, जेवलीस, माझ्या चहाला नावं ठेवलीस. पण माहेरचा विषय मी तुझ्यासमोर काढायचं टाळत आले.

पाचही नळ्यांत बुडबुडे आले. एवढे मोठे की एका नळीत छोटी नळीच वर उचलली गेली होती. एका नमुन्यावर निकाल द्यायचा नाही, पुन्हा बघायचं, हा तुझा नियम. तू म्हणालीस, येत्या आठवड्यात दुसरा नमुना तूच घेऊन ये, घर तुझं आहे. माझ्यावर विश्वास टाकलास. किंवा वडिलांपुढं पुन्हा उभं राहायचं माझ्यासाठी टाळलंस. त्या वेळी मी याचा विचारच केला नाही. माझ्या डोक्यात एकच होतं. 'त्यांच्या विहिरीचं पाणी वाईट' हे गाणगापुरात एकदा कोणाच्या तोंडून गेलं की आमच्या दारात माणूस उतरणार नाही. आणि वडिलांना हे सांगणार कोण? रोज सोवळ्यात भरलेल्या पाण्यात काय आहे, हे त्यांच्या तोंडावर मी सांगू?

भावाची मुलगी नंदा तेव्हा सव्वा वर्षाची. महिन्या-दीड महिन्यानं तिचं पोट बिघडायचं. घरात कोणी दात म्हणायचं, कोणी नजर. ती वाळून काडी झाली होती. मी शिकलेली होते अक्का. तिचं पोट आणि त्या पाच नळ्या यांचा संबंध लावायला मला एक क्षण पुरला असता. मी तो लावला नाही. लावायचाच नाही असं ठरवलं.

रजा टाकून मी घरी गेले. गाणगापुरात दुपारी माधुकरीची वेळ झाली की यात्रेकरू झोळी घेऊन पाच घरं मागत फिरतात, आणि घरातली सगळी माणसं पुढच्या दारात भाकरी, भात, वरण घेऊन उभी असतात. मागं कोणी नसतं. त्या वेळेला मी प्रयोगशाळेतून आणलेली ब्लीचिंग पावडर बादलीत कालवली आणि विहिरीत ओतली. पुढच्या दारातून कोणी 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणत होतं ते मला ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विहिरीतून नमुना काढला, बर्फावर ठेवला, आणि तुझ्यासमोर आणून ठेवला.

चार दिवस पाणी शुद्ध राहिलं असेल. मग खड्डा पुन्हा झिरपला असेल. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तूच शिकवलं होतंस.

एकाही नळीत बुडबुडा आला नाही. तू नळ्या बराच वेळ बघत राहिलीस. मग बाटलीत उरलेल्या पाण्याचा वास घेतलास आणि बूच लावून टाकलंस. मी टेबलाच्या पलीकडे उभी होते. तू म्हणालीस, "बरं." आणि संध्याकाळी कुलूप लावताना विचारलंस, "आजून काय?" मी म्हणाले, काही नाही.

त्याच आठवड्यात बाटली फोडल्याबद्दल तू साहेबांची बोलणी खाल्लीस. तुझ्या हातून एवढ्या वर्षांत फुटलेली ती एकच बाटली. मी मनात म्हटलं, अक्काही चुकते म्हणायची. आमच्या विहिरीचा निकाल चांगला म्हणून गेला असणार, असं समजून मी गप्प बसले. कागद शोधायला मी कधी कपाट उघडलं नाही.

दोनेक महिन्यांनी घरी गेले तर खरकट्याचा खड्डा बुजवलेला. परसाच्या खालच्या टोकाला, विहिरीपासून लांब, पाचोळ्याचा आणि मातीचा नीट ढीग. वडील म्हणाले, कोणा यात्रेकरूनं सुचवलं, महाराजांचीच इच्छा म्हणायची. मी सुटकेचा श्वास सोडला. पाप आपोआप धुऊन निघालं असं वाटलं मला. नंदाचं पोट बिघडायचं थांबलं, अंग धरलं. दृष्ट काढली म्हणून बरं वाटलं असं आई म्हणायची. मी ते तुला सांगितलं तेव्हा तू नळ्या धूत होतीस. "बरं झालं," म्हणालीस आणि धूत राहिलीस. आज ती नंदा गुलबर्ग्याला कॉलेजात आहे. मोठ्यानं हसते आणि कोणाचं ऐकत नाही.

वडील गेले त्याआधी आठ दिवस तुझं नाव घेऊन मला म्हणाले होते, "सोजरबाईंना सांग, ढीग अजून गरम आहे." मला वाटलं, भ्रम झाला आहे. तुला मी ते हसत हसत सांगितलं, बघ, म्हातारपणी कुठलं कुठं जोडतात. तू हसली नाहीस. पदरानं चष्मा पुसत राहिलीस, किती तरी वेळ.

आता वही.

सरकारी रजिस्टर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत, पण ही वही तुझ्या मराठीत. ठिकाण, नमुना कोणी काढला, निकाल, शेरा, असे रकाने स्वतः पट्टीनं आखलेले. आमची विहीर मला लगेच सापडली, कारण त्या पानाला तू दुमड घातली होतीस. पहिल्या ओळीत नमुना काढणारी मी, निकाल वाईट, आणि शेरा: "खरकट्याचा खड्डा विहिरीपासून चौदा पावलं, वरच्या अंगाला." अंगणात तू नुसती उभी आहेस असं मला वाटलं होतं. तू पावलं मोजत होतीस.

दुसरी ओळ. नमुना: कुसुम. बुडबुडा न्हाई. आणि शेरा: "पाण्याला पावडरचा वास. पावडर वळखायचा थेंब टाकल्यावर पिवळं. नमुना बाद. साहेबांना बाटली फुटली म्हणून सांगितलं."

मी तिथं वही मिटली, अक्का. उठून पाणी प्याले. नळाखाली तोंड धुतलं. मग परत येऊन बसले.

तू एक खोटं बोललीस ते माझ्यासाठी. ज्या बाईनं दोन थेंबांच्या फरकासाठी साहेबांशी आठवडाभर अबोला धरला होता, ती माझी नोकरी जाऊ नये म्हणून स्वतःच्या हातून बाटली फुटली म्हणाली. पण खोटा निकाल तू जाऊ दिला नाहीस. दोन्ही तुला जमलं. मला त्यातलं एकही जमलं नव्हतं.

तिसऱ्या ओळीत नमुना काढणारी 'मी'. म्हणजे तू. लिहिलं आहेस: "रविवार. एकटी गेले. कुसुमच्या वडलांना समदं सांगितलं, पावडरचं सांगितलं न्हाई. नातीला मांडीवर घिऊन बसले. मग म्हणले, चढा विहिरीवर." निकाल, चार नळ्यांत बुडबुडा. चौथी ओळ: "खड्डा बुजवला. परसात ढीग लावून दिला. म्हाताऱ्याचा हात ढिगात घालून दाखवला. हसले." पाचवी ओळ: नमुना मी, पाचही नळ्या साफ, वास नाही, थेंबाला रंग नाही.

मी गाणगापूरला जाऊन आईला विचारलं. ती म्हणाली, व्हय की, यायच्या सोजरबाई, पाच-सहा रविवार आल्या. त्यांनीच बजावलं होतं, कुसुमला बोलू नका. आईनं मग विचारलं, कामून बजावलं होतं गं? मी परसात जाऊन ढिगात हात घातला. भाऊ अजून तो लावतो. आत गरम होतं.

पानावर शेवटची ओळ आहे. तिथं निकालाचा रकाना रिकामा. लिहिलं आहेस: "नमुन्यासाठी न्हाई, आसंच गेले. म्हाताऱ्यानं सोता पाणी शेंदलं. तांब्या हातात दिला. प्याले. पाणी बरं हाय."

यावर मी वडिलांचं कौतुक करणार नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या हातात तांब्या दिला, त्यात काय मोठं, असं तूच म्हणाली असतीस. ते द्यायला त्यांना सगळं आयुष्य लागलं, आणि तुला आधी त्यांच्या नातीचा जीव वाचवावा लागला. पण आमच्या विहिरीचं पाणी तू प्यालीस. मी इतकी वर्षं धरून बसले होते की तू ते कधी पिणार नाहीस. तू बसमध्ये मला खरंच सांगितलं होतंस, तपासल्याबिगर पीत न्हाई. तपासलंस आणि प्यालीस. तुझं साधं बोलणं मला कळलं नाही, कारण माझ्या मनातच काळं होतं.

त्या ओळीखाली, रकान्यांच्या बाहेर, वेगळ्या शाईत एक वाक्य आहे. ते तू कधी लिहिलंस मला माहीत नाही. "कुसुमला ह्यातलं काही सांगायचं न्हाई. ती तिचं सांगंल तवा आपलं सांगू."

म्हणजे तू वाट बघत होतीस. रोज संध्याकाळी कुलूप हातात घेऊन वाट बघत होतीस, आणि दवाखान्यातल्या त्या तीन दुपारीही. मी मोसंबी सोलत बसले.

अक्का, विहिरीत पावडर मी टाकली. नंदाचं पोट कशानं बिघडतं ते मला कळत होतं, तरी टाकली. तुझ्यासमोर सतरा वर्षं खोटी राहिले. माझं सांगून झालं. आता तुझं सांग. त्या दिवशी विहिरीवर उभी राहून तू वडिलांना काय म्हणालीस, ते काय म्हणाले, पाणी गार होतं का, सगळं पहिल्यापासून सांग. मला कुठं जायचं नाही, मी बसले आहे.